आधी खटका, मग नमस्कार

एकदा एक यंत्र रुसले.

यंत्र फार मोठे नव्हते. पाटाएवढे अंग, चार चाके आणि पुढे चिमट्यासारखा एक हात. तालुक्याच्या गावातील तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या तीन विद्यार्थ्यांनी चार महिने खपून ते बनवले होते. टेबलावर ठेवले की ते शहाण्या मुलासारखे सगळे ऐके. चेंडू उचली, मान वळवी, चेंडू टोपलीत ठेवी. जमिनीवर सोडले की मात्र दहा पावले धावून मध्येच गप्प उभे राही. पाठीवर एक टपली मारली की पुन्हा चालू लागे. विभागीय स्पर्धा अकरा दिवसांवर आली होती, आणि स्पर्धेच्या रिंगणात टपली मारायला कोणी आत सोडत नाही.

तिघांपैकी तौफिकने यंत्राचा प्रोग्रॅम लिहिला होता, रेणुकाने सांगाडा आणि चाके बसवली होती, आणि हर्षलाने तारांचे सारे जोड कथील वितळवून सोल्डर केले होते. ती गटाची प्रमुखही होती. यंत्र थांबले की तौफिक प्रोग्रॅम उघडून बसे, रेणुका चाके फिरवून पाही. हर्षला नुसती उभी राही. दोष कुठे असावा हे तिला मनातून ठाऊक होते, आणि ते ठाऊक असणेच तिला आतून कुरतडत होते.

कारण असे घडले होते. महिन्यापूर्वी तौफिकच्या मनगटाला सोल्डरिंग आयर्नच्या तापलेल्या दांडीचा चटका बसला. किरकोळच होता, पण प्राचार्या मॅडमनी खोलीच्या दारावर स्वतःच्या हाताने लिहून एक कागद चिकटवला : ‘यापुढे कोणालाही चटका बसल्यास ही खोली बंद करण्यात येईल.’ मॅडम बोललेले करणाऱ्या होत्या. खोली बंद म्हणजे यंत्र बंद, यंत्र बंद म्हणजे स्पर्धा संपली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, भर दुपारी, हर्षला खोलीत एकटीच काम करत होती. आयर्न ठेवायला स्टँड नव्हता. डब्याचे झाकण उपडे घालून त्यावर ते टेकवायची पद्धत पडली होती. तिचा कोपर वायरीला लागला, आयर्न घरंगळून फरशीवर पडले, ती दचकून मागे सरली आणि तिच्या चपलेची टाच आयर्नच्या मुठीला लागली.

पुढे जे झाले ते आपल्याकडच्या कोणत्याही घरात वाढलेल्या माणसाच्या हातून झाले असते. पुस्तकाला पाय लागो, केरसुणीला लागो की तराजूला लागो, आपला हात आपण होऊन खाली जातो, वस्तूला टेकतो आणि कपाळाला लागतो. डोक्यात विचार येण्याआधी नमस्कार होऊन गेलेला असतो. हर्षलाचाही झाला. साडेतीनशे अंशांवर तापलेल्या दांडीला.

तापलेले आयर्न लाल दिसत नाही, धग दाखवत नाही. थंड असते तेव्हा जसे दिसते तसेच ते गरम असतानाही दिसते. एवढा साळसूद चेहरा सापाचाही नसतो. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची टोके क्षणात पांढरी पडली. तिने ओठ चावला, आयर्न उचलून झाकणावर ठेवले, वसतिगृहात जाऊन बोटांना टूथपेस्ट फासली आणि वर चिकटपट्ट्या गुंडाळल्या.

दुसऱ्या दिवशी रेणुकाने विचारलेच. “हे काय गं?”

“घरी गेले होते ना रविवारी. पोळ्या करताना तवा लागला.”

“तू? पोळ्या?” रेणुका खो खो हसली. “तौफिक, ऐकलंस का? हर्षला पोळ्या करते!”

“गोल होत्या का?” तौफिकने मान वर न करता विचारले.

हर्षलाही हसली. हसता हसता तिचा हात ओढणीआड गेला, आणि त्या दिवसापासून तो तिथेच राहू लागला. उरलेले सोळा जोड तिने अंगठा आणि अनामिका यांच्यात आयर्न धरून कसेबसे दिले. प्रत्येक वेळी हात किंचित हले. प्रत्येक वेळी ती मनात म्हणे, चालेल. आणि यंत्र चालेना.

गावच्या पेठेच्या टोकाला अण्णांचे वीजसामानाचे जुने दुकान होते. अण्णा सातवीनंतर शाळेची पायरी चढले नव्हते. रेडिओ उघडून उघडून रेडिओ शिकले, आणि माणसे भेटून भेटून व्यापार शिकले. पंचाहत्तरी उलटली तरी गावातले इंजिनीअर अडले की त्यांच्याकडेच येत. विकायला बसलेला माणूस, पण गिऱ्हाइकाला ‘हे घेऊ नका’ असे सांगायचा, म्हणून लोक दुसरे काहीतरी घेऊन जायचे. तौफिक म्हणाला, चला अण्णांकडे. हर्षला नको म्हणू शकली नाही.

तिघे यंत्र आणि अवजारांची पिशवी घेऊन दुकानात गेले. अण्णांनी आधी यंत्राकडे पाहिलेच नाही. “पिशवी ओता,” म्हणाले.

पिशवीतून बत्तीस टोकांचा स्क्रूड्रायव्हरचा चकचकीत संच निघाला. लेझरने अंतर मोजायचे यंत्र निघाले. रंग बदलणाऱ्या दिव्यांची माळ निघाली. अण्णा एकेक वस्तू उचलून बाजूला ठेवत गेले.

“बत्तीस दात आहेत,” ते म्हणाले, “पण जेवायला बसायचा पाट कुठंय? आयर्नचा स्टँड?”

“डब्याचं झाकण वापरतो,” तौफिक म्हणाला.

“मग डबा काय हातोडा म्हणून वापरता?” अण्णांनी वीज मोजायचा मल्टिमीटर उचलून कौतुकाने पाहिला. “हा बरोबर. हा खोटं बोलत नाही. तार सोलायचा चिमटा आहे, चांगला आहे. वितळलेलं कथील ओढून घ्यायचा पंप कुठंय?”

“तो नाही. जोड चुकला तर वरून अजून थोडं लावतो.”

अण्णांनी चष्म्यावरून पाहिले. “डोळ्यांचा चष्मा? तारेचं टोक कापलं की ते गोफणीच्या दगडासारखं उडतं. बुबुळाला सुटे भाग माझ्याकडं मिळत नाहीत.” तेवढ्यात तौफिकने खिशातून चिवड्याची पुडी काढलेली त्यांना दिसली. “थांब! सकाळपासून सोल्डरची तार हाताळलीस ना? त्यात शिसं असतं, बाळ. आधी साबणानं हात धू, मग चिवडा. नाहीतर फरसाणाबरोबर धातूही खाशील.”

तौफिक मुकाट्याने मागच्या मोरीवर गेला. रेणुका हसू दाबत होती. हर्षलाला हसू आले नाही. म्हाताऱ्याचे डोळे फार बारीक पाहत होते, आणि तिचा हात ओढणीआड होता.

मग अण्णांनी यंत्राचे पोट उघडून तारांच्या जोडांची पाटी बाहेर काढली, भिंग लावले आणि एकेक जोड निरखत गेले. दुकानातला पंखा तेवढा करकरत होता.

“डाख कोणी दिलाय?” त्यांनी विचारले. डाख हा त्यांचा जुना शब्द; सोल्डरला ते डाखच म्हणत.

“मी,” हर्षला म्हणाली.

“सगळे तूच दिलेस?”

“हो.”

“हं.” त्यांनी पाटी बाजूला ठेवली. “यंत्र इथं राहू दे. उद्या दहाला या. तिघं या.”

“अण्णा, अकराच दिवस राहिलेत,” रेणुका काकुळतीला आली. “दोष तरी सांगा.”

“दोष सापडलाय,” अण्णा म्हणाले. “कुणाचा ते उद्या बघू.”

त्या वाक्याने हर्षलाची झोप नेली. रात्रभर ती एकच हिशेब करत राहिली : अण्णांना कळले असेल का, ते मॅडमना सांगतील का, खोलीला कुलूप लागले तर तौफिक आणि रेणुका तोंडावर काय बोलतील आणि पाठीमागे काय बोलतील. सकाळी तिने चिकटपट्ट्या बदलल्या. आतली कातडी ओली होती आणि कडा लालभडक झाल्या होत्या.

दहाला तिघे दुकानाशी पोहोचले, आणि उंबरठा ओलांडताना पुढे असलेल्या रेणुकाचा पाय कशावर तरी पडला.

“अगंबाई!”

उंबरठ्याच्या आत, अगदी पाऊल पडेल अशा जागी, अण्णांचे सोल्डरिंग आयर्न आडवे पडले होते. हे तेच आयर्न, ज्याला अण्णा दर खंडेनवमीला पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे फूल वाहून पाटावर ठेवत आणि त्या दिवशी दुकानात दुसरे कोणतेही काम करत नसत. सारी पेठ हे जाणत होती. असे अवजार चपलांच्या वाटेत टाकलेले पाहून रेणुका चरकली. ती वाकली, बोटे आयर्नला लावली, कपाळाला लावली. आयर्न थंड होते. मागून आलेल्या तौफिकचाही पाय लागला. तोही वाकला, आयर्नला स्पर्श करून हात छातीशी नेला आणि पुटपुटला, “सॉरी.”

मग हर्षलाचा पाय लागला.

तिचा उजवा हात झटकन खाली गेला आणि आयर्नपासून वीतभर अंतरावर जागच्या जागी थांबला. जणू खाली निखारा होता. एक क्षण तो हात तसाच अधांतरी राहिला. मग तिने तो मागे घेतला आणि डाव्या हाताने नमस्कार केला.

वर पाहिले, तर गल्ल्यामागून अण्णा तिच्याकडेच पाहत होते.

“आत या,” ते म्हणाले. “पोरी, तू इकडं ये. हात दाखव. तो नव्हे, ओढणीतला.”

हर्षला उभीच राहिली.

“अण्णा, तिला तवा लागलाय,” रेणुका म्हणाली.

“माहीत आहे. काल मी विचारलं असतं तर मलाही तवाच सांगितला असता.” अण्णांचा आवाज चढला नव्हता. “म्हणून विचारलं नाही. बोटं लपवता येतात, सवय लपवता येत नाही. दाखव.”

तिने हात पुढे केला. अण्णांनी पट्टी हळूच सोडवली. रेणुकाने तोंडावर हात घेतला. तौफिक वाकून बोटे पाहत म्हणाला, “हर्षू, हे तव्याचं नाही.”

“नाही,” हर्षला म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. “पडलं होतं. पाय लागला. मी नमस्कार केला.”

कोणी हसले नाही. दोघांनी आताच तर तेच केले होते.

“तुम्हाला कसं कळलं?” तिने विचारले.

अण्णांनी यंत्राची पाटी तिच्यापुढे सरकवली आणि भिंग दिले. “हे बघ. या बाजूचे जोड. चकचकीत, टोकदार, देवळाच्या शिखरासारखे. चांगल्या हाताचे आहेत. आता ह्या बाजूचे सोळा बघ. खरबरीत, गुळाच्या खड्यासारखे. कथील गोठत असताना हात हलला की असं होतं. याला ड्राय सोल्डर म्हणतात. वरून जोड दिसतो, आत तार सुटी असते. टेबलावर चालतं, धक्का बसला की सुटतं. दोन्ही बाजू तुझ्याच. म्हणजे मधल्या काळात हाताला काहीतरी झालं. काय झालं एवढंच बघायचं राहिलं होतं.”

ते उठले, उंबरठ्याशी गेले, आयर्न उचलून रुमालाने पुसले आणि त्याला स्वतः नमस्कार केला. मग परत येऊन बसले.

“इतकी वर्षं झाली, ह्याला कुणाचा पाय लागू दिला नव्हता,” ते म्हणाले. “आज मुद्दाम वाटेत टाकलं. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा चळला. चळलो नाही. मला ही सवय ओळखीची आहे. हे बघा.” त्यांनी स्वतःची दोन बोटे पुढे केली. टोके गुळगुळीत होती. त्यांवर रेघाच नव्हत्या. “मी विशीत होतो. उस्तादांच्या हाताखाली रेडिओ शिकत होतो. आयर्न पडलं, पाय लागला, वाकलो. तेच. उस्ताद कडक होते. म्हणायचे, भाजून घेणाऱ्याला माझ्याकडं जागा नाही. मीही फडकं गुंडाळलं आणि म्हणालो, बिजागरीत बोट अडकलं. आणि तसल्या बोटांनी एका शाळेच्या बाईंचा रेडिओ दुरुस्त केला. आतला एक जोड कच्चा राहिला. मला ठाऊक होतं. वरून थोडं कथील लावलं, म्हटलं, चालेल.”

हर्षलाने मान खाली घातली. हा शब्द तिने मनात सोळा वेळा उच्चारला होता.

“चालला. दोन महिने चालला. मग आतली तार सुटून पत्र्याला टेकली आणि सगळ्या सेटमध्ये वीज आली. बाईंनी बटण फिरवायला हात लावला आणि फेकल्या गेल्या. वाचल्या. हात मोडला. उजवा. पुढं फळ्यावर लिहिताना त्यांचा हात थरथरायचा, असं पोरं सांगायची. मी बघायला गेलो नाही, बाळांनो. जायला पाहिजे होतं.”

अण्णांनी बोटे मागे घेतली. बाहेरून एक टेम्पो भोंगा वाजवत गेला.

“चटका बसणं हा गुन्हा नाही. विस्तवाशी काम करणाऱ्याला कधीतरी बसायचाच. पण चटका बसला की हात लगेच नळाखाली धरायचा. वाहतं गार पाणी, घड्याळ लावून वीस मिनिटं. टूथपेस्ट दातांना लावायची असते. आणि आयर्न पडलं तर? पडू दे! झेलायचं नाही, उचलायचं नाही. दोन्ही हात वर, पाय मागं, आणि आधी भिंतीवरचा खटका बंद. नमस्कार सोडू नका. अवजाराला पाय लागला तर वाईट वाटलंच पाहिजे; ज्याला वाटत नाही त्यानं अवजार हातात धरू नये. पण आधी खटका, मग नमस्कार. देव काय किंवा आयर्न काय, थंड व्हायला दहा मिनिटं घेतलीत म्हणून रागावत नाही.”

हर्षलाने पाटीकडे पाहिले, मग बोटांकडे. “आता मी काय करू?”

“यंत्राचं काय करणार आहेस?”

“ते सोळा जोड पुन्हा देणार.”

“वरून आणखी थोडं कथील लावून?”

“नाही.” ती सावकाश बोलू लागली. “वरून लावून उपयोग नाही. आधी जुनं सगळं वितळवून काढायला लागेल. तार उघडी करायला लागेल. मग…”

ती बोलता बोलता थांबली. गल्ल्याचा खण उघडून अण्णा उगाच त्यात पाहत बसले.

“मी मॅडमकडे जाते,” हर्षला म्हणाली.

“येडी आहेस का?” तौफिक उसळला. “दारावरचा कागद वाचलायस ना? दहा दिवस राहिलेत, हर्षू! स्पर्धा होऊ दे, मग सांग. मीच येतो तुझ्याबरोबर.”

“तोपर्यंत जोड कोण देणार? मी? ह्या बोटांनी?”

“मी देईन.”

“आणि तुला चटका बसला, तर तू काय सांगशील? तवा?”

रेणुका म्हणाली, “ह्याच्या पोळ्यांवर तर माझाही विश्वास बसणार नाही.” ती हे हसत म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. “चल. तिघंही जाऊ.”

“अण्णा, तुम्ही येता का?” हर्षलाने विचारले.

“मी दुकानदार आहे, पोरी. गिऱ्हाइकाला माल दाखवावा. उचलून घरी नेऊन टाकू नये.”

तंत्रनिकेतनाच्या जिन्याला बावीस पायऱ्या होत्या, आणि त्या दिवशी त्यांतली प्रत्येक पायरी हर्षलाला वेगळी जाणवली. प्राचार्यांच्या दाराशी आल्यावर तिला वाटले, मॅडम बैठकीत असल्या तर बरे. त्या एकट्याच होत्या.

हर्षलाने हात टेबलावर ठेवला आणि सारे सांगितले. स्टँड नसल्याचे, झाकणाचे, पाय लागल्याचे, नमस्काराचे, तव्याचे.

मॅडमनी बोटे पाहिली. “कधी झालं?”

“नऊ दिवस झाले.”

“नऊ दिवस.” मॅडमनी तौफिक आणि रेणुकाकडे पाहिले. “आणि नऊ दिवसांत एकालाही मला सांगावंसं वाटलं नाही?”

“ह्या दोघांना माहीत नव्हतं, मॅडम. मी सांगितलं नाही. खोलीला कुलूप लागलं असतं.”

खिळ्यावरची किल्ली काढून मॅडम उठल्या आणि तडक खोलीकडे निघाल्या. तिघे मागे मागे. मॅडमनी आत डोकावून पाहिले : डब्याचे झाकण, टेबलाच्या मागे, हात पोहोचणार नाही अशा जागी असलेला खटका, बंद खिडकी, धुराने पिवळा पडलेला भिंतीचा कोपरा. मग त्यांनी दार ओढून घेतले आणि कुलूप घातले. खट्ट. रेणुकाने डोळे मिटून घेतले. हर्षलाला वाटले, चार महिन्यांचे काम त्या एका आवाजात संपले.

मॅडम दारावरच्या कागदासमोर उभ्या राहिल्या. स्वतःचेच अक्षर त्यांनी सावकाश, पुन्हा पहिल्यापासून वाचले, जणू ते कोणी परक्याने लिहिले होते.

“तू लगेच दवाखान्यात जा,” त्या हर्षलाला म्हणाल्या. “नऊ दिवस या बोटांना औषध मिळालं नाही, त्यात या कागदाचाही वाटा आहे.” मग त्या तौफिक आणि रेणुकाकडे वळल्या. “आत काय काय कमी आहे ते संध्याकाळपर्यंत लिहून आणा. खेळणी नकोत, गरजेचं लिहा. ते आल्याशिवाय कुलूप निघणार नाही.”

यादी दोन दिवसांत पुरी झाली. आयर्नला जड बुडाचा, जाळीचा स्टँड आला, टोक पुसायला ओला स्पंज आला. टेबलाच्या पुढच्या कडेला, डाव्या हाताशी खटका बसला. धूर तोंडावर न येता बाहेर ओढला जाईल असा छोटा पंखा खिडकीत लागला. तीन चष्मे, कथील ओढायचा पंप, आणि पाटी धरून ठेवणारे दोन चिमटे आले. त्या चिमट्यांना अण्णा ‘न हलणारा मित्र’ म्हणत. चपला दाराबाहेर गेल्या आणि बंद बूट आत आले. तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी कुलूप काढले. जाताना त्यांनी खिशातून पेन काढले, दारावरच्या कागदातला ‘बसल्यास’ खोडला आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात दोन शब्द लिहिले. आता तिथे वाचायला मिळत होते : ‘यापुढे कोणालाही चटका बसून लपवल्यास ही खोली बंद करण्यात येईल.’

हर्षलाने आयर्नला हात लावला नाही. ती शेजारी स्टुलावर बसून तौफिकला सांगत होती. “घाई नको. आधी तार आणि पाटी दोन्ही तापू दे, मग कथील लाव. आता आयर्न काढ. हलू नको. श्वाससुद्धा हळू. गोठू दे.” तौफिकच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले होते. पहिला जोड कच्चा निघाला. पंपाने ओढून काढला. दुसराही तसाच. तिसरा चमकला. आठवडा उरला होता आणि सोळांपैकी एकच झाला होता, तरी हर्षलाला पूर्वीसारखी धडधड होत नव्हती. कच्चे कोणते आणि पक्के कोणते, हे आता तिघांनाही दिसत होते.

स्पर्धेत यंत्र पहिल्या दोन फेऱ्यांत न थांबता धावले. तिसऱ्या फेरीत दुसऱ्या एका गावच्या मुलांचे यंत्र त्याहून वेगाने धावले, आणि ते रास्तच होते. परत आल्यावर अण्णांनी विचारले, “टपली मारावी लागली का?” हर्षला म्हणाली, “एकदाही नाही.” अण्णांनी मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

पण हर्षलाच्या मनात त्या दिवसांतला वेगळाच क्षण राहिला. कुलूप निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर, आठवा जोड देताना तौफिकचे आयर्न निसटले. त्याने खटका बंद केला, पण तोवर करंगळीला लागले होते. आठवड्यापूर्वी त्याने हात खिशात घातला असता. आता तो सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा ओरडला, “मॅडम, चटका!” आणि नळाकडे धावला. वरच्या मजल्यावरून मॅडमनी डोकावून पाहिले, घड्याळ पाहिले, आणि पुन्हा आत गेल्या. त्यांच्या हातात किल्ली नव्हती. रेणुका डबा उघडून त्याच्यासमोर चवीने जेवत होती. “अजून अकरा मिनिटं, तौफिकशेठ.” तो शिव्या देत होता, पाणी वाहत होते. हर्षला भिंतीला टेकून ते ऐकत उभी राहिली, आणि किती दिवसांनी आपला उजवा हात आपण उघडा, सैल, बाजूला सोडला आहे हे तिच्या लक्षात आले.

ज्या घरात, ज्या दुकानात, ज्या शाळेत चटका मोठ्याने सांगता येतो, तिथले जोड बहुधा पक्के असतात.